खोक्यावर नुसतं ‘किचन’ लिहू नका

१९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ भारतात आली, तेव्हा तिच्या गाड्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जुळवल्या जात. २००९ मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी मार्च महिन्यात फोक्सवॅगनच्याही चाकण प्रकल्पाचं उद्घाटन झालं. परदेशातून येणारे सुटे भाग न्हावा शेवा बंदरात उतरतात आणि घाट चढून या पट्ट्यात पोहोचतात. प्रत्येक पेटीवर क्रमांक असतो, क्रमांकामागे यादी असते, यादीत प्रत्येक भागाचं नाव आणि संख्या असते. यादी चुकली की जुळणी अडते.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण या भागात हजारो माणसं ही शिस्त रोज पाळतात. पण कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी श्टुटगार्टला किंवा वोल्फ्सबुर्गला पाठवायचं ठरवलं, की हीच माणसं शेवटच्या रविवारी भावंडांना बोलावून हाताला लागेल ते खोक्यांत कोंबतात. खोक्यावर मार्करने ‘किचन’ असं लिहून मोकळी होतात. घर एका देशातून दुसऱ्या देशात नेणं ही छोटी का होईना, निर्यात असते. कस्टमवाले, विमा कंपनी आणि जहाज कंपनी तुमच्या घराकडे यादीच्याच नजरेने पाहणार. त्यामुळे कारखान्यातली ती सवय घरी आणणं हे या प्रकरणाचं पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं सांगणं आहे.

यादी कशी करायची? प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या. आतल्या वस्तू मोघम न लिहिता ‘स्टीलचा प्रेशर कुकर, ५ लिटर, वापरलेला, १ नग’ अशा लिहा. पुढे अंदाजे किंमत रुपयांत लिहा. विजेच्या वस्तूंचा मॉडेल क्रमांक आणि महत्त्वाच्या वस्तूंचे फोटो हवेत. ‘घरगुती सामान’ एवढंच लिहिलेलं खोकं कस्टममध्ये उघडलं जाण्याची शक्यता जास्त असते. उघडलेलं खोकं पुन्हा तुमच्याइतक्या काळजीने कोणी भरत नाही. यादी इंग्रजीत करा, जर्मनीला जात असाल तर जर्मन प्रतही जोडा. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, रोजची औषधं आणि दागिने मात्र कधीही खोक्यात जाऊ नयेत. ते हातातल्या बॅगेत.

आता काय न्यायचं, हा प्रश्न. बहुतेक कुटुंबं वस्तूच्या किमतीवरून ठरवतात: फ्रीज महाग म्हणून न्यायचा, सोऱ्या स्वस्त म्हणून टाकायचा. मला हा हिशेब उलटा वाटतो. फ्रीज तिथे दुकानात मिळतो. पुरणयंत्र, मोदकपात्र, सोऱ्या, हाताला बसलेलं लाटणं, आजीने शिवलेली गोधडी या गोष्टी तिथल्या दुकानात मिळत नाहीत, आणि पहिल्या गणपतीला त्यांचीच आठवण येते.

वाहतुकीचं गणितही याच बाजूने आहे. समुद्रमार्गे सुटं सामान जातं तेव्हा भाडं घनमीटरवर लागतं. साधारण एक घनमीटर म्हणजे एक टन असं धरतात आणि वजन किंवा आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. घरचं सामान घनमीटरमागे टनाच्या जवळपासही जात नाही, म्हणजे पैसे पडतात ते जागेचे. दगडी खलबत्ता जड असला तरी जागा कमी घेतो, म्हणून जहाजाने तो स्वस्तात जातो. उशा आणि गाद्या हलक्या असल्या तरी महाग पडतात. गोधड्या हवा काढणाऱ्या पिशव्यांत दाबून घ्या आणि उशा इथेच कुणाला तरी देऊन टाका. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं खोकं धरलं तर एका घनमीटरमध्ये अशी आठ खोकी बसतात. विमानाने पाठवताना हेच खोकं वेगळ्या हिशेबात जातं. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून ६,००० ने भागतात. म्हणजे आत सात किलोचे स्वेटर असले तरी बिल वीस किलोचं येतं. तेव्हा पहिल्या महिन्यात लागेल तेवढंच विमानाने आणि बाकीचं जहाजाने पाठवावं. पूर्ण वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. तेवढं सामान नसेल तर दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवावं लागतं. त्यात कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं आणि मालाची हाताळणीही वाढते.

स्वयंपाकघराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. जर्मनीत वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. तुमचा मिक्सर तिथे चालतो, फक्त आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घ्या किंवा तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात, तिथे हाच मिक्सर निकामी आहे. शेगडीचं दुखणं वेगळं आहे. जर्मन घरांत बहुतेक विजेच्या किंवा इंडक्शनच्या शेगड्या असतात. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही आणि खोलगट तव्याचा फक्त मधला भाग टेकतो. सपाट बुडाचा लोखंडी तवा आणि इंडक्शनला चालणारा स्टीलचा कुकर घ्या. गॅसची शेगडी नेऊ नका. आणखी एक गोष्ट तिथे जाऊन धक्का देते: भाड्याच्या अनेक जर्मन घरांत ओटा, कपाटं, सिंक यांतलं काहीच नसतं, आधीचा भाडेकरू ते काढून घेऊन गेलेला असतो. घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण किती भांडी न्यायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

हा नवा कुकर घ्यायचा कधी, यालाही महत्त्व आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमानुसार, संघाबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेल्या माणसाला वास्तव्य हलवताना घरचं सामान करमुक्त नेता येतं. मात्र वस्तू त्याआधी किमान सहा महिने त्याच्या वापरात असाव्या लागतात. सामान तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत पोहोचावं लागतं आणि पुढचे १२ महिने ते विकता किंवा उसनं देता येत नाही. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून आणलेला नवाकोरा डिनर सेट या सवलतीत बसत नाही. बदलीचं बोलणं सुरू झालं की लगेच लागणाऱ्या वस्तू घ्या, वापरायला काढा आणि बिलं जपून ठेवा. नवविवाहितांसाठी याच नियमात वेगळी तरतूद आहे. लग्नानिमित्त वास्तव्य हलवणाऱ्याला नवं घरगुती सामानही करमुक्त नेता येतं, त्यासाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागतो. साधारणपणे लग्नाच्या तारखेआधी दोन महिने ते नंतर चार महिने या काळात ते पोहोचावं लागतं. रुखवतातली भांडी अशी सुखरूप जर्मनीला जाऊ शकतात, आणि फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

खाण्याच्या वस्तूंमध्ये सीमा कडक आहेत. खाजगी सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. आईने कढवलेलं साजूक तूप आणि पेढे यांचा त्यात समावेश होतो. मातीसह तुळशीचं रोप चालत नाही. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळ मात्र चालतो. नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाच फळं या अटीतून वगळली आहेत.

आता जो विषय मला सगळ्यात जवळचा वाटतो आणि ज्याबद्दल मराठी कुटुंबांना कोणी सावध करत नाही, तो देव्हाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेला पितळी बाळकृष्ण, टाक, समया, वाड्यातलं मोठं कुलूप, कापडात बांधलेली हस्तलिखित पोथी या वस्तू घराच्या आठवणी म्हणून आपण सोबत घेतो. कायदा त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमलात आला १९७६ मध्ये. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं किंवा कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. वाङ्मयीन, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा खाजगी व्यक्तीला नाही. वस्तू जुनी दिसते पण पुरावस्तू नाही अशी खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते हाती नसताना बंदरात मूर्ती सापडली तर ती अडकते आणि तिच्याबरोबर सगळं सामान अडकतं. शंका असलेल्या वस्तू गावी भावाकडे किंवा काकांकडे ठेवा आणि परदेशात पूजेला नवी मूर्ती घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे आधी बोलून घ्या, कारण देव मागे ठेवण्याचा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो. देव्हाऱ्यातलं मोरपीस आणि जुनी हस्तिदंती डबी हीसुद्धा सामानात नकोत. वन्यजीव आणि निर्यात नियमांनी त्यांना बंदी आहे.

पॅकिंगच्या बाबतीत या पट्ट्यात राहणाऱ्याचं नशीब चांगलं आहे. वाहनांचे भाग परदेशी पाठवणारे कारखाने इथे इतके आहेत, की लाकडी पेट्या आणि पॅलेट बनवणारे व्यवसाय भोसरी-चाकण भागात त्यांच्या आधाराने उभे राहिले. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडावर आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. लाकडातली कीड मारण्यासाठी ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवतात आणि गव्हाच्या लोंबीची खूण असलेला शिक्का मारतात. शिक्क्यावर देशाचं चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरं असतात. शिक्का नसलेली पेटी परदेशी बंदरातून परत पाठवली जाऊ शकते किंवा नष्ट होऊ शकते. प्लायवूडला हा नियम लागू नाही, तयार फर्निचरलाही नाही. तेव्हा सुताराकडून घरच्या फळ्यांची पेटी ठोकून घेऊ नका, निर्यातीच्या पेट्या करणाऱ्याकडेच जा.

दमटपणा हा दुसरा शत्रू. जुलैत न्हावा शेव्याला भरलेल्या कंटेनरमध्ये पावसाळी हवा कोंडली जाते. जहाज थंड पाण्यात गेलं की तिच्यातली वाफ आतल्या छताला गार होऊन थेंबांनी खाली टपकते. पुस्तकं आणि कपडे त्यात खराब होतात. कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या लावायला सांगा आणि पुस्तकं लहान खोक्यांत प्लास्टिक अस्तरासह भरा. लोखंडी कढई, तवा, अडकित्ता, हत्यारं यांसाठी भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये वापरतात तो व्हीसीआय कागद वापरा. त्यातून निघणारी वाफ धातूवर पातळ थर धरते आणि गंज रोखते. गिअरचे भाग त्याच कागदात गुंडाळून परदेशी जातात. भांडं वापरण्याआधी मात्र ते घासून धुवायला हवं.

पॅकर्स निवडताना फोनवरचा आकडा ऐकून ठरवू नका. घरी येऊन घनफुटांत मोजमाप करणाऱ्याकडूनच लेखी दर घ्या. आपल्याकडे हा धंदा सीएफटी म्हणजे घनफुटांत बोलतो, जहाज कंपनी घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट, हे पाठ असू द्या. दरात तिकडच्या बंदरातला खर्च आणि दारापर्यंतची पोच धरली आहे का, हे विचारा, कारण स्वस्त दर पुष्कळदा बंदरापर्यंतचाच असतो. कंपनीची बहुविध वाहतूक व्यवसायाची नोंदणी आणि तिच्या कस्टम एजंटचा परवाना पाहायला मागा. सोसायटीची लिफ्ट सामानासाठी चालते का आणि टेम्पो आत येऊ देतात का, हेही आधी विचारून ठेवा. चाकणच्या तळेगाव चौकातली आणि नाशिक फाट्याची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, ते ट्रक पहाटेच मागवतील.

विम्याबद्दल बोलायला बहुतेकांना कंटाळा येतो, आणि संकट नेमकं तिथेच दडलेलं असतं. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातलं फुटकं सामान बहुतेक पॉलिसींत नाकारलं जातं, म्हणून काचसामान पॅकर्सकडूनच भरून घ्या. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सागरी व्यापारातला एक फार जुना नियम. जहाज आणि सगळा माल वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो तोटा जहाजमालक आणि मालाचे सगळे मालक आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. सहा दिवसांनी सुटलं, पण जुलैपर्यंत इजिप्तमध्येच रोखून ठेवलं गेलं. त्यावर १८ हजारांहून अधिक कंटेनर होते आणि जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. अशा वेळी हमी दिल्याशिवाय कोणाचाच माल सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर ज्याच्या कंटेनरमध्ये फक्त गोधड्या आणि भांडी आहेत, त्यालाही रोख अनामत भरावी लागते. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा सहाशेहून अधिक कंटेनर त्याच्यासोबत होते. समुद्रात काय होईल यावर तुमचा ताबा नाही, पॉलिसीवर आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपच्या प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. म्हणून हिवाळ्याचे कपडे जहाजाने पाठवू नका. नोव्हेंबरात ते तुमच्या अंगावर असले पाहिजेत.

सामान दारात आलं की सही करण्याआधी क्रमांक ताडून पाहा. फाटलेलं किंवा भिजलेलं खोकं दिसलं, तर पोच पावतीवरच लिहा आणि फोटो काढा. कोऱ्या पावतीवर सही केली की दावा अवघड होतो.

परतीच्या प्रवासाचा विचार जाण्याआधीच करावा लागतो. भारतात परतणाऱ्याला वास्तव्य बदलाची सवलत असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशात दोन वर्षं किंवा अधिक राहिलेल्याला ५ लाख रुपयांपर्यंतचं घरगुती सामान शुल्काविना आणता येत असे, एक वर्ष राहिलेल्याला २ लाखांपर्यंत. त्या दोन वर्षांत भारतातल्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, अशा अटी होत्या. सपाट टीव्ही या सवलतीत नव्हता. मागून येणारं सामान आपण पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत रवाना व्हावं, अशीही अट होती. या रकमा आणि अटी सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून परतीची तारीख ठरली की त्या दिवशी लागू असलेले नियम केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर वाचा. पण हिशेबाचा पाया तोच राहतो: किती दिवस बाहेर होतात. दिवाळी, लग्नं, आईवडिलांचं आजारपण यांसाठीच्या येण्याजाण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा आणि जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. सोन्याचे दागिने घेऊन जाताना विमानतळावरच्या कस्टममधून निर्यात प्रमाणपत्र घ्या. ते असलं, की मंगळसूत्र आणि पाटल्या भारतातूनच गेल्या होत्या हे परतताना सिद्ध करावं लागत नाही. गाडी आणण्याचा मोह टाळा. ती या सवलतीत येत नाही, वापरलेल्या गाडीवर शुल्क जबर आहे आणि जर्मनीतलं डावीकडचं स्टिअरिंग इथे चालत नाही.

उलट दिशेने येणारी कुटुंबंही या पट्ट्यात आता कमी नाहीत. जर्मन, जपानी आणि कोरियन अभियंते वाकड, बाणेर, पिंपळे सौदागरला राहतात. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून कोरियन शेजारी आणखी वाढले आहेत. ते शेजारी म्हणून आले तर दोन गोष्टी त्यांना जरूर सांगा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, आणि सामान सोडवताना व्हिसाचे आणि नोंदणीचे कागद लागू शकतात, म्हणून नोंदणी आधी उरकावी. दुसरी गोष्ट विजेची. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. तिथला भात शिजवायचा कुकर आपल्या सॉकेटला लावला की क्षणात जळतो, त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. कोरियात २२० व्होल्ट पण ६० हर्ट्झ, म्हणून त्यांच्या किमचीच्या फ्रीजमागच्या पट्टीवर ‘५०/६०’ असं छापलेलं आहे का, ते फ्रीज जहाजावर चढण्याआधी पाहायला हवं. नसेल तर तो तिथेच विकावा आणि इथे नवा घ्यावा.